एका किलोमागे साडेचार किलो

४.५ किलो आणि ०.०३५ किलो. पॅरा-मेथॉक्सिॲसिटोफिनोन हे सुगंधी द्रव्यांत आणि सनस्क्रीनच्या कच्च्या मालात लागणारे रसायन. ते एक किलो बनवताना जुन्या पद्धतीत साडेचार किलो सांडपाणी निघते. फ्रान्सच्या रोन-पुलांक कंपनीने बीटा झिओलाइट हा घन उत्प्रेरक वापरून उभारलेल्या पद्धतीत ते ३५ ग्रॅमवर आले, म्हणजे सुमारे १२९ पटींनी घटले. उतारा ८५ ते ९५ टक्के होता, तो ९५च्या पुढे गेला.

जुन्या पद्धतीचा हिशेब रेणुभारांवरून मांडता येतो. तिथला 'उत्प्रेरक' ॲल्युमिनियम क्लोराइड (रेणुभार १३३) तयार झालेल्या कीटोनला (रेणुभार १५०) चिकटून बसतो. त्यामुळे तो चिमूटभर पुरत नाही, रेणूस रेणू मोजून घालावा लागतो. एक किलो मालामागे किमान ८९० ग्रॅम. पाणी घालून कीटोन सोडवला की त्यातून ७३० ग्रॅम हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटते. ॲसिटिल क्लोराइड या दुसऱ्या कच्च्या मालातून आणखी २४० ग्रॅम. किलोभर मालामागे जवळपास किलोभर ॲसिड, आणि ते उदासीन करायला लागणारा अल्कली वेगळाच.

उत्प्रेरकाचे काम करणारे ॲसिड घन रूपात पकडून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे, या कामात माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील गणपती दादासाहेब यादव यांनी कारकीर्द घालवली. जन्म १९५२, कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा. १९७४ साली रासायनिक अभियांत्रिकीची पदवी, १९८० साली मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी, २००९ ते २०१९ कुलगुरू, २०१६ साली पद्मश्री. शोधनिबंध ५००हून अधिक, पीएचडीचे विद्यार्थी १००हून अधिक.

माझ्या मते या कारकिर्दीतला सांगण्याजोगा आकडा ५०० नव्हे, ९ आहे. यादव आणि सहकाऱ्यांनी संस्थेच्या तेव्हाच्या 'यूडीसीटी' या नावावरून 'यूडीकॅट' मालिकेतील घन ॲसिडे बनवली. त्यांतल्या यूडीकॅट-५ मध्ये झिरकोनिया या घन आधारावर गंधकाचे प्रमाण वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत नेले. त्यासाठी नेहमीच्या सल्फ्युरिक ॲसिडऐवजी क्लोरोसल्फॉनिक ॲसिड वापरले. इतके गंधक चढवूनही झिरकोनियाची टेट्रागोनल स्फटिकरचना टिकली. आम्लता या दोन्हींवर अवलंबून असल्याने हा आकडा मोलाचा. त्याआधी, १९९५ साली, टंगस्टोफॉस्फोरिक ॲसिड के-१० मातीवर बसवून त्यांनी पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई एकाच भांड्यात तयार केला होता.

हे काम कुठे लागते, ते रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली मांडलेल्या ई-फॅक्टरमधून कळते. एक किलो मालामागे किती किलो कचरा, हे तो मोजतो. तेलशुद्धीकरणात ०.१हून कमी, घाऊक रसायनांत १ ते ५, सूक्ष्म रसायनांत ५ ते ५०, औषधांत २५ ते १००. एकूण टनभार मोजला तर क्रम उलटू शकतो. वर्षाला १ कोटी टन शुद्ध करणारा तेलकारखाना ०.१च्या दरानेही १० लाख टन कचरा करेल. १,००० टन औषध १००च्या दराने १ लाख टन. मात्र औषधाचा कचरा भूखंडाएवढ्या कारखान्यातून निघतो.

असे भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) देते. तारापूर, महाड, लोटे परशुराम या त्याच्याच रासायनिक वसाहती. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात सांडपाण्याची मर्यादा दिवसाला घनमीटरमध्ये लिहिलेली असते. प्रक्रियेतल्या पाण्यापुरते बोलायचे, तर ४.५ घनमीटरची मर्यादा असलेला कारखाना जुन्या पद्धतीने दिवसाला १ टन पॅरा-मेथॉक्सिॲसिटोफिनोन काढेल. झिओलाइटच्या पद्धतीने तेवढ्याच मर्यादेत १२८ टन बसतात. उत्प्रेरक बदलणे म्हणजे या भाषेत उत्पादनाची परवानगी वाढवणे.

पण हे गणित सगळीकडे चालत नाही. पॅरा-मेथॉक्सिॲसिटोफिनोन ॲनिसोलपासून बनते; ॲनिसोलच्या रेणूवरचा मेथॉक्सी गट अभिक्रिया सोपी करतो, म्हणून तिथे झिओलाइट पुरला. आयब्युप्रोफेनचा कच्चा माल आयसोब्युटिलबेंझिन. त्यावर असा गट नाही. बूट्स कंपनीची मूळ पद्धत सहा टप्प्यांची होती आणि कच्च्या मालातील अणूंचा वापर ४० टक्के. नव्वदच्या दशकात आलेल्या बीएचसी कंपनीच्या पद्धतीने टप्पे तीनवर आणले, वापर ७७ टक्क्यांवर नेला. पण तिच्या पहिल्या टप्प्यात उत्प्रेरक आणि द्रावक अशा दोन्ही भूमिका हायड्रोजन फ्लोराइड करते. ते अत्यंत विषारी आहे. ९९.९ टक्क्यांहून अधिक परत मिळते, म्हणून कचऱ्यात जवळपास मोजले जात नाही.

शेल्डन यांनी घातकतेसाठी वेगळा गुणक सुचवला होता: मिठाला १, क्रोमियमच्या क्षारांना १०० ते १,०००. तो कचऱ्याच्या वजनाला गुणतो. परत मिळणाऱ्या हायड्रोजन फ्लोराइडचे तिथले वजन शून्याजवळ, त्यामुळे गुणाकारही शून्याजवळ. टाकीत साठवलेले टनावारी हायड्रोजन फ्लोराइड या हिशेबात कुठेच येत नाही.