बिल भरणाऱ्यांचा जाब

अमेरिकेत नोकरदारांच्या आरोग्यविम्याचा मोठा भार कंपन्याच उचलतात. तरी रुग्णालयात उपचार कसे झाले, हे विचारायची रीत नव्हती. १९९९ साली एका अहवालाने खळबळ उडवली: वैद्यकीय चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ ते ९८ हजार माणसं दगावत असावीत. पुढच्याच वर्षी बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘लीपफ्रॉग ग्रुप’ स्थापन केला.

अतिदक्षता विभागात त्याच विषयाचे तज्ज्ञ हवेत, जोखमीच्या शस्त्रक्रिया अनुभवी रुग्णालयांतच व्हाव्यात, या गटाच्या मागण्या होत्याच. मला सर्वात महत्त्वाची वाटते ती तिसरी: औषधं हाताने न लिहिता संगणकावर नोंदवा. चिठ्ठीवर ‘५.०’मधला बिंदू पुसट झाला की नर्स ५० वाचते आणि मात्रा दहापट होते. संगणक तिथेच अडवतो, ॲलर्जीचीही आठवण देतो. शिवाय चूक टळली की मुक्काम लांबत नाही, बिलही फुगत नाही.

२०१२पासून हा गट रुग्णालयांना सुरक्षिततेसाठी ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी देतो आणि ती कुणालाही पाहता येते. एकट्या रुग्णाला ही माहिती कोण देणार होतं? गट रुग्णालयांना सुरक्षिततेविषयी प्रश्नावलीही देतो; ती भरणं मात्र ऐच्छिक आहे. नकार देणाऱ्या रुग्णालयाच्या नावापुढे तो नकारही जाहीरपणे नोंदवला जातो.