दम ऐकणारे कान

कबड्डी पाहणाऱ्याचे डोळे चढाईपटूच्या हातांवर असतात. पंचाची नजर पायांवर असते आणि कान तोंडाकडे. चढाई करणाऱ्याने मध्यरेषा ओलांडण्याआधी ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम सुरू केला का, तो एका श्वासात चालू ठेवला का, हे ओळखणारं यंत्र स्थानिक मैदानावर नसतं. व्यावसायिक लीगने चढाईचं तीस सेकंदांचं घड्याळ पडद्यावर आणलं, आकडे उलटे पळताना दिसू लागले, आणि टीव्हीवर खेळ पाहणाऱ्यांच्या लेखी दम जवळपास संपला. पंचांच्या लेखी तो संपलेला नाही. दम उशिरा घेतला तर चढाईपटूला परत पाठवायचं, समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण आणि चढाईची संधी द्यायची. आता हे लालबाग-परळच्या एखाद्या मैदानावर, रात्री दहाच्या सामन्यात, समालोचकाच्या कर्ण्याशेजारी उभं राहून करून पाहा. बरेच पंच अशा वेळी ओठांकडे बघतात. दुसरा उपायही नसतो.

सामन्याला सहा अधिकारी लागतात: एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. सहायक गुणलेखकाकडे बाद झालेल्यांचा क्रम असतो, कारण खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत आत येतात. खरा भार मात्र दोन पंचांवर. ते मैदानाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि चढाईबरोबर सरकतात. दोघांचं पटलं तर निर्णय तिथेच संपतो. मतभेद झाला तरच सरपंच मधे पडतो. पुरुषांचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर, त्यात चौदा खेळाडू, आणि एक चढाई संपली की पाच सेकंदांत दुसरी सुरू व्हायला हवी. म्हणजे विचार करायला जी काही सवड आहे, ती या पाच सेकंदांत.

सर्वांत अवघड क्षण पकडीचा. चार जणांनी चढाईपटूला खाली दाबलेलं आहे, तो मध्यरेषेकडे सरपटतोय, हात लांबवतोय. बोट रेषेला लागलं तेव्हा दम चालू होता की आधीच तुटला होता? दम टिकला असेल तर पकडीत हात घातलेले सगळे बाद, तुटला असेल तर हा एकटा बाद. एका बोटाच्या अंतरावर चार-पाच गुण फिरतात. त्यातच कुणी त्याचं तोंड दाबलं, केस ओढले किंवा पायांची कात्री घातली, तर ती पकड ग्राह्य धरायची नाही. हे सगळं धडांच्या ढिगाखाली घडतं. पंच गुडघ्यावर बसतो, कधी जवळजवळ आडवा होतो. मातीच्या मैदानावर फक्कीने आखलेली मध्यरेषा तोवर अर्धी पुसलेली असते, ती वेगळीच डोकेदुखी.

दुसरा सापळा राखीव क्षेत्राचा. मैदानाच्या दोन्ही कडांना एक-एक मीटरच्या पट्ट्या असतात. झटापट सुरू झाली की त्या खेळात धरल्या जातात, एरवी तिथे पाय टाकणारा बाद. ऐकायला सोपं वाटतं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 7 ऑक्टोबर 2023 रोजी भारत-इराण अंतिम सामना याच पट्टीवर अडकला. गुण 28-28, शेवटचं मिनिट जेमतेम उरलेलं. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे तिथे घुसले. जुन्या नियमाने सगळेच बाद; नव्या नियमाने फक्त चढाईपटू. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, दोन्ही संघ आळीपाळीने मैदानात बसून राहिले, सामना तासभर थांबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. तिथे चित्रफीत होती, पंचांचं मंडळ होतं. काय घडलं ते सगळ्यांना दिसत होतं. वाद होता तो कुठला नियम लावायचा याचा. सामन्याआधी संघनायकांना बोलावून कुठले नियम चालतील ते सांगणं अनेकांना उपचार वाटतं. मला तो पंचाच्या कामातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

स्थानिक मंडळाच्या स्पर्धेत चित्रफीत असते ती प्रेक्षकांच्या मोबाइलमध्ये, आणि ती पंचाच्या नाकासमोर धरली जाते. ती पाहायची नाही, हे जुने पंच नव्यांना पहिल्याच दिवशी बजावतात. एकदा पाहिली की पुढच्या प्रत्येक चढाईला दहा मोबाइल पुढे येतात. यजमान मंडळाचा संघ खेळत असेल तर दडपण वेगळंच. मंडपातले भाऊ-दादा खुर्चीवरून उठून रेषेपर्यंत येतात. पंचाच्या खिशात हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळ्याला दोन मिनिटं बाहेर, लालला उरलेला सामना बाहेर. पण खुर्चीवरून उठून आलेल्या दादांसाठी कार्ड नाही. तिथे कामी येतो तो ठामपणा: शिट्टी एकदाच, हात लगेच वर, आणि चेहरा गुणफलकाकडे वळवलेला. जो पंच हात वर करताना घुटमळतो, त्याचा बरोबर निर्णयही लोक मान्य करत नाहीत.

हे काम करणारे बहुतेक जण पूर्वी स्वतः खेळलेले असतात; कुणी शाळेत क्रीडाशिक्षक, कुणी पालिकेत किंवा बँकेत नोकरीला. संघटनेची पंच परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नियम बदलले की पुन्हा पुस्तक उघडावं लागतं. मानधन प्रवासखर्चाच्या आसपास. चषकावर आणि फलकावर देणगीदारांची नावं छापून येतात, पंचांची क्वचितच. आयोजकांनी निदान मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक दोरी बांधली, तरी ही माणसं खूश असतात.