चौघांचं बिऱ्हाड, रंगमंचावर

माहितीपट : ‘द कोमेडियांट’ (2000), दिग्दर्शक आर्नोन गोल्डफिंगर, इस्रायल.

कुटुंबप्रमुख : पेसाख बुर्स्टीन. जन्म वॉर्सा, 1896. पोरवयातच घर सोडून फिरत्या नाटक मंडळीत दाखल. 1924मध्ये न्यू यॉर्कला. गाता गाता मध्येच शीळ घालणं ही त्यांची खासियत. प्रेक्षक त्यासाठी खोळंबून असत.

नायिका : पत्नी लिलियन लक्स, पेसाखपेक्षा 22 वर्षांनी लहान. दुसरं महायुद्ध पेटण्याच्या तोंडावर दोघं पोलंडच्या दौऱ्यावरून अमेरिकेत परतली, म्हणून बचावली.

जुळी : माइक आणि सुसान, जन्म 1945. ‘मोतेले’ आणि ‘झिसेले’ या नावांनी लहानपणीच रंगमंचावर. सुसाननं पुढे नाटक सोडलं. माइक हिब्रू चित्रपटांत चमकला. 1966च्या एका चित्रपटातली त्याची दुहेरी भूमिका गाजली.

गाजलेलं नाटक : इत्सिक मांगेर यांच्या कवितांवरचं ‘मेगिले’ (तेल अवीव, 1965). एस्तेर राणीची बायबलमधली कथा यात पूर्व युरोपातल्या ज्यू शिंप्यांच्या तोंडून येते. 1968मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर पोहोचलं.

पार्श्वभूमी : या कुटुंबाची नाटकं यिडिशमधली. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, लिपी हिब्रू. 1876मध्ये रोमानियातल्या यास शहरात आब्राहाम गोल्डफाडेन यांनी तिच्या व्यावसायिक रंगभूमीचा पाया घातला. नाझी संहारात या रंगभूमीचा बहुसंख्य प्रेक्षकच मारला गेला. नव्या इस्रायलमध्ये हिब्रूचा आग्रह असल्यानं तिथंही यिडिश नाटकवाल्यांना सरकारी आडकाठी सोसावी लागली.