वाणिज्य शिक्षण आणि कारकीर्द – लेखांक ४ : पदवीतले काय टिकते?

मुंबईत १९१३ साली स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयापासून पुण्यातील १९४३ च्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयापर्यंतच्या विस्ताराचा मागोवा मागील लेखांकात घेतला होता. अशा महाविद्यालयांतून बी.कॉम. होऊन बाहेर पडलेल्या पदवीधराच्या पुढील तीस-पस्तीस वर्षांच्या कामात त्या अभ्यासातले नेमके काय उरते, हा या लेखांकाचा विषय आहे. पहिली नोकरी मिळवून देणे हे पदवीचे उघड दिसणारे काम असले, तरी तिचा खोल ठसा व्यवहाराकडे पाहण्याच्या दृष्टीवर उमटतो, आणि ती दृष्टी द्विनोंदी पद्धतीतून घडते.

द्विनोंदी पद्धत म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्याच्या नावे बाजूला आणि दुसऱ्या खात्याच्या जमा बाजूला नोंदवण्याची रीत. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत रुळलेल्या या रीतीचे पद्धतशीर विवेचन लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात केले. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज आणि तेरजेवरून ताळेबंद हा क्रम हाताखालून शेकडो वेळा गेला, की पैसा आला असेल तर तो कोठून आला आणि गेला असेल तर त्याच्या बदल्यात काय मिळाले, हे दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय विद्यार्थ्याला चैन पडत नाही.

या सवयीचे मोल घसाऱ्याच्या उदाहरणात दिसते. वापरामुळे मालमत्तेच्या मूल्यात होणारी घट म्हणजे घसारा. १ लाख रुपयांच्या यंत्रावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १० टक्के घसारा आकारला, तर पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,००० आणि तिसऱ्या वर्षी ८,१०० रुपये खर्च म्हणून दाखवले जातात व यंत्राची पुस्तकी किंमत ७२,९०० रुपयांवर येते. मात्र या तिन्ही वर्षांत घसाऱ्यापोटी गल्ल्यातून एक रुपयाही बाहेर जात नाही. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला येथे उमगले, तो पुढे बँकेत कर्जविभागात बसला, तर अर्जदाराची परतफेडीची ताकद अजमावताना निव्वळ नफ्यात घसारा पुन्हा का मिळवायचा, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नियमांचे ज्ञान मात्र लवकर शिळे होते. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून लागू झालेला मूल्यवर्धित कर ज्यांनी परीक्षेसाठी घोकला, त्यांच्यासमोर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर उभा राहिला आणि पाठ केलेली बहुतेक कलमे निरुपयोगी ठरली. तरीही या नव्या करात खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून वजा करून घेताना, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट घेताना, पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून दरमहा तयार होणारे जीएसटीआर-२बी हे पत्रक आपल्या खरेदी नोंदवहीशी ताडून पाहावे लागते, आणि पुरवठादाराने विवरण उशिरा भरल्यामुळे न दिसणारे बिल शोधून काढावे लागते. अकरावीपासून गिरवलेल्या बँक जुळवणी पत्रकाचीच ही दुसरी आवृत्ती आहे: तेथे धनादेश वटायचा राहिलेला असतो, येथे बिल चढवायचे राहिलेले असते. म्हणूनच कलमांच्या पाठांतरावर गुण देणारी परीक्षापद्धती विद्यार्थ्याचे मोठे नुकसान करते, कारण जे टिकणार नाही त्यावर ती त्याची वर्षे खर्च करवते.

पदवी पुढच्या वाटाही ठरवते. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेत ५५ टक्के गुण मिळवलेल्या वाणिज्य पदवीधराला पायाभूत परीक्षा न देता मध्यम टप्प्यावर थेट प्रवेश मिळतो, तर इतर बहुतेक शाखांच्या पदवीधरांना त्यासाठी ६० टक्के गुण लागतात. त्यानंतरची आर्टिकलशिप, म्हणजे लेखापालाच्या हाताखालील सक्तीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, पूर्वी तीन वर्षांची होती व आता दोन वर्षांची आहे. या संस्थेच्या परीक्षा इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून देता येतात, मराठीतून नाही. त्यामुळे नावे-जमा, येणी-देणी, घसारा या शब्दांतून विषय पक्का समजलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला पहिले काही महिने हिशेबाशी नव्हे, तर त्याच हिशेबाच्या परक्या शब्दांशी झगडावे लागते. या काळात वाटेतून बाहेर पडणाऱ्यांना विषयच झेपला नाही, असे मानणे अन्यायाचे आहे.

(क्रमशः)