मोकळे गोठे आणि डुकरांचे परोपजीवी

अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९९०च्या दशकात डुकरांसाठी एका निराळ्या प्रकारचे गोठे उभे राहू लागले. लोखंडी कमानींवर ताणलेली ताडपत्री, उघडी टोके आणि खाली मक्याच्या वाळलेल्या ताटांची जाड बिछायत, अशी त्यांची रचना असते. येथे डुकराला उकरण्याची, धावण्याची आणि थंडीत बिछायतीत शिरून ऊब घेण्याची मोकळीक मिळते. मात्र बंदिस्त गोठ्यात विष्ठा जमिनीतील फटींमधून खाली पडून जनावरापासून दूर जाते. येथे ती बिछायतीतच मिसळते. परोपजीवींचा प्रश्न उद्भवतो तो यामुळेच.

त्यांपैकी प्रमुख म्हणजे आतड्यात राहणारा मोठा गोलकृमी. त्याची एक मादी दिवसाला लाखांवर अंडी घालते. ही अंडी विष्ठेवाटे बाहेर पडली, तरी त्यांच्यात बाधा करण्याची शक्ती येण्यास काही आठवडे लागतात. जाड कवचामुळे नेहमीच्या जंतुनाशकांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही आणि मातीत ती अनेक वर्षे टिकतात. गिळलेल्या अंड्यातून निघालेली अळी यकृतातून फुप्फुसात जाते, तेथून घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात स्थिरावते. यकृतावर पांढरे डाग उमटतात व कत्तलखान्यात ते टाकून द्यावे लागते. पिलू खोकते, खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही.

जंतनाशक औषधाने पोटातील कृमी मरतात, बिछायतीतील अंडी नव्हे. म्हणून औषधाला स्वच्छतेची जोड हवी. डुकरिणीला विण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे औषध द्यावे आणि अंग धुऊनच तिला स्वच्छ जागी न्यावे. पिलांचा एक गट पूर्णपणे बाहेर पडल्यावरच दुसरा आत आणावा. मधल्या काळात सर्व बिछायत काढून तिचे खत करावे. गोठ्यात कुजणाऱ्या बिछायतीचा मध्य तापतो. पण कडा थंड राहतात आणि तेथे अंडी जगतात. ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जावे व तो वरचेवर उलटावा, म्हणजे प्रत्येक भागाला ती उष्णता मिळते.

खरजेची गोष्ट वेगळी आहे. तिचे सूक्ष्म जीव डुकराच्या अंगावरच वाढतात आणि बाहेर फार काळ जगत नाहीत. त्यामुळे साऱ्या कळपाला एकाच वेळी आयव्हरमेक्टिन देऊन सुमारे दोन आठवड्यांनी ते पुन्हा दिले आणि नवी जनावरे निरोगी कळपातूनच आणली, तर खरूज कायमची घालवता येते. गोलकृमीचे तसे नाही. त्याला आवरायचे, तर जनावराइतकेच लक्ष त्याच्या पायाखालच्या बिछायतीकडे द्यावे लागते.