दोन वर्षांनंतरचे दार : जीवशास्त्राच्या पदविकेतून पदवीकडे

1917 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून मायदेशी परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक तजवीज केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. शिक्षण सुटणे वेगळे आणि परतीची वाट राखून ते थांबवणे वेगळे, हे यातून आम्ही शिकावयाचे आहे.

आमच्या वसतिगृहातून बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन गेलेली अनेक मुलेमुली वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेतात. दोन वर्षे निभावतात. मग कोणाच्या घरी आजारपण येते, कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि घर सांभाळण्याची जबाबदारी येऊन पडते, कोणा मुलीचे लग्न ठरते. तिसरे वर्ष राहून जाते. पूर्वी अशा विद्यार्थ्याच्या हाती गुणपत्रिकांखेरीज काही उरत नसे. नव्या शैक्षणिक धोरणाने ही स्थिती बदलली आहे. तो बदल पालकांपर्यंत नीट पोहोचावा, यासाठी हा लेख.

महाराष्ट्रात नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या रचनेत अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. एका सत्रात तासिकांचे सुमारे 15 तास किंवा प्रयोगशाळेतील 30 तास म्हणजे एक श्रेयांक. पहिल्या वर्षाअखेर किमान 40 श्रेयांक झाले की प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर 80 झाले की पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर 120 झाले की पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर 160 झाले की ऑनर्स पदवी, असे हे टप्पे आहेत. अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांत दोन वर्षांची असोशिएट पदवी घेऊन विद्यार्थी पुढे मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातात. आपली दोन वर्षांची पदविका ही त्याच जातीची पायरी आहे.

मात्र पदविका आपोआप मिळत नाही. बाहेर पडणाऱ्याने 80 श्रेयांकांशिवाय चार श्रेयांकांचा एक व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावी लागते. ती दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत करता येते. एखादा विषय मागे राहिला असेल, तर 80 श्रेयांक भरत नाहीत आणि पदविकाही मिळत नाही. म्हणून आमचा पहिला आग्रह असा की, अडचण आली तरी चौथ्या सत्राची परीक्षा सोडू नये आणि महाविद्यालयात जाणे नुसते बंद करू नये. प्राचार्यांकडे लेखी अर्ज देऊन, पदविका हातात घेऊनच बाहेर पडावे.

दुसरा आग्रह श्रेयांक पेढीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये तिची नियमावली केली. विद्यार्थ्याने डिजिलॉकरमधून आपले खाते उघडायचे असते आणि मिळालेले श्रेयांक विद्यापीठामार्फत त्या खात्यात जमा होतात. खाते उघडले म्हणजे काम झाले असे नाही. चारही सत्रांचे श्रेयांक जमा झाले आहेत की नाहीत, नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे की नाही, हे बाहेर पडण्यापूर्वीच पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

आता परतीची मुदत. पदविका घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो आणि प्रथम प्रवेशापासून सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी लागते. ही तारीख घरातील दिनदर्शिकेवर दरवर्षी लिहून ठेवावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

परत येताना जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली मुख्य विषयाची. पदवीतील किमान निम्मे श्रेयांक मुख्य विषयाचे असावे लागतात. वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घेऊन दोन वर्षे केली आणि तिसऱ्या वर्षी प्राणिशास्त्र हवे म्हटले, तर एकूण बेरीज जुळते, पण विषयाची बेरीज जुळत नाही. विषय बदलायचाच असेल, तर तो विचार पहिल्या वर्षाअखेर करावा. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. दोन-तीन वर्षे सूक्ष्मदर्शकाला हात लागला नसेल, तर छेद घेण्याची, रंजन करण्याची सवय मोडलेली असते. प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत जुन्या प्रात्यक्षिक वह्या काढाव्यात आणि शक्य असेल तर जवळच्या शिक्षकांकडे जाऊन हात पुन्हा बसवावा.

वसमतच्या महाविद्यालयातून नांदेडच्या महाविद्यालयात जाणे तुलनेने सोपे असते, कारण पदवी देणारे विद्यापीठ एकच राहते. दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्याने मात्र थोडे गणित करावे. 2021 च्या नियमावलीप्रमाणे किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीचे 120 श्रेयांक, त्यांचे निम्मे 60, आणि तिसऱ्या वर्षात तर 40 च मिळतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे गणित नेमके बसते : 160 चे निम्मे 80. म्हणून पदविकेनंतर पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊ पाहणाऱ्याने जागा, मुख्य विषय व श्रेयांकांची मान्यता यांविषयी त्या विद्यापीठाचे लेखी उत्तर घेतल्यावरच दाखला काढावा.

पदविका या एका शब्दामुळे होणारा घोटाळाही सांगितला पाहिजे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेला विद्यार्थी बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. तिच्या बळावर बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल, असे कोणी गृहीत धरू नये.

शेवटी समाजाशी दोन शब्द. बाहेर पडण्याचे दार सर्वांसाठी उघडे झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या दारातून कोण बाहेर पडणार? ज्याच्या घरी चार पैसे आहेत, तो सहसा तिसऱ्या वर्षापर्यंत थांबतो. बाहेर पडतात ती आमचीच मुले, आणि त्यांत मुली अधिक असण्याची भीती आहे. पदविका हा मुक्काम आहे, गाव नव्हे. पदवीशिवाय एम.एस्सी. नाही, बी.एड. नाही, राज्यसेवेची परीक्षा नाही. आपल्या जिल्ह्यात हळदीचे एवढे पीक होते, तिच्या कंदकुजीने शेतकरी हैराण होतो. त्या रोगावर संशोधन करणाऱ्यांत आमच्या घरातली मुलगी असावी असे वाटत असेल, तर तिचे तिसरे वर्ष झालेच पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपल्या वस्तीत दोन वर्षे शिकून थांबलेले कोण आहे, याची विचारपूस करावी. त्याची मुदत किती उरली ते पाहावे, पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती व स्वाधार योजनेची चौकशी करण्यासाठी समाजकल्याण कार्यालयात त्याच्यासोबत जावे आणि प्रवेशाच्या दिवशी त्याच्याबरोबर उभे राहावे. लंडनला परतणाऱ्या बाबासाहेबांच्या पाठीशीही माणसे उभी होती.