पडसें, ताप आणि शाळेची घंटा

घरांत चार मुलें असलीं कीं दिवाळीनंतरच्या थंडींत कोणाचें ना कोणाचें नाक वाहत असतेंच. सकाळीं दप्तर भरून झालेलें असतें आणि मूल दोनदां शिंकतें. आजी म्हणतात, राहूं द्या आज घरीं. वडील म्हणतात, परीक्षा जवळ आली. आणि निर्णय बहुधा आईवर येऊन पडतो. पूर्वी ह्या वादास फारसें महत्त्व नव्हतें. २०२० सालापासून तें आलें आहे.

यवतमाळकरांस हें निराळें सांगावयास नको. मार्च २०२० मध्यें शाळा मिटल्या. पांचवी ते आठवीचे वर्ग राज्यांत २७ जानेवारी २०२१ पासून भरूं लागले. आणि महिनाहि लोटला नाहीं तोंच, अमरावती-अकोल्याबरोबर यवतमाळांतहि साथ उसळून फेब्रुवारींत शाळा पुन्हां बंद कराव्या लागल्या. खेड्यांतील पहिली ते चौथीच्या वर्गांस तर १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. शहरांतील मुलांचे धडे मोबाइलवर तरी झाले. झरी-जामणी, मारेगांवकडील पोडांवर कित्येकांस तेवढीहि सोय नव्हती.

म्हणून प्रत्येक शिंकेस भिऊन मूल घरीं ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. नाक वाहतें, थोडा खोकला आहे, पण मूल खेळतें-खातें आहे व अंग गार आहे, तर रुमाल देऊन त्यास खुशाल शाळेंत पाठवावें. इंग्लंडच्या आरोग्यखात्याचाहि सल्ला हाच आहे. ताप असेल तर मात्र वाद नको. औषधावांचून ताप उतरून पुरे चोवीस तास होईपर्यंत शाळा नाहीं. ‘औषधावांचून’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. सकाळीं पॅरासिटामॉल द्यावें, घंटेच्या वेळीं अंग गार लागावें आणि दुपारीं वर्गांत मूल फणफणावें, हा प्रकार चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि घडतो. त्यांत दुष्टावा कोणाचाच नसतो. चाचणी परीक्षा असते, आईची नोकरी असते, शंभर टक्के हजेरीचें बक्षीस असतें. तें बक्षीस शाळांनीं बंदच करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

साधें पडसें कोणतें आणि करोना कोणता, हें नुसतें पाहून डॉक्टरांसहि सांगतां येत नाहीं. तें चाचणीवरूनच कळतें. चाचणींत करोना निघाल्यास मुलास निदान तीन दिवस घरीं ठेवावें. लक्षणें दिसण्यापूर्वीं एक-दोन दिवस आधींपासूनच हा रोग दुसऱ्यास लागूं शकतो, तेव्हां आजारी मूल घरीं राहिलें म्हणजे वर्ग निर्धोक झाला असेंहि नव्हे. वर्गाच्या खिडक्या उघड्या हव्यातच. मुलांस तो बहुधा सौम्य होतो. पण आजोबांस मधुमेह आणि आजींस दमा असलेल्या एकत्र कुटुंबांत तोच रोग निराळें रूप घेतो. आणि बाकावर शेजारीं बसणाऱ्या मुलाच्या घरींहि असेच आजोबा असतात.

श्वास जलद चालूं लागला, मूल पाणी घेईना किंवा मलूल होऊन पडून राहिलें, तर शाळेचा प्रश्नच उरत नाहीं. थेट दवाखाना गांठावा. एरवीं घरीं राहिलेल्या मुलाचें अंथरूण तेवढे दिवस आजींच्या अंथरुणापासून दूर, खिडकीपाशीं घालावें. गोष्टी दारांतूनहि सांगतां येतात. वर्गशिक्षकांस चार ओळींची चिठ्ठी धाडावी आणि संध्याकाळीं एखाद्या सोबत्याची वही मागून आणावी.